जाड आवाजाचा हेडफोन

आमच्या घरात सगळे ओरडून बोलत. भांडणं नव्हती असं नाही, पण ओरडण्याचं कारण ते नव्हतं. माझे वडील अकोल्याच्या एका कापसाच्या जिनात सरकी काढणाऱ्या यंत्रापाशी उभे राहत. हंगामात सकाळी काळे जात आणि संध्याकाळी रुईनं पांढरे होऊन येत. हंगाम संपला की मिळेल ती हमाली. दोन खोल्यांत आम्ही सहा जण, आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर काय, हा प्रश्न आई विचारूच देत नसे. यंत्राच्या खडखडाटात वीस वर्षं काढल्यावर बाबांना कमी ऐकू येऊ लागलं. बाबांना ते मान्य नव्हतं आणि आईलाही नव्हतं.

आईचं म्हणणं वेगळं होतं. "बहिरे नाही ते, सोंग करते. मालकानं दुरून हाक मारली तं आयकू येते, रस्त्यावरून बैलाची रेंगी गेली तं आयकू येते. मी पानी आना म्हनलं का बहिरे! माह्याच आवाजाले बहिरे!"

बाबांचा खरा जीव मात्र मृदंगात. गल्लीतल्या मारुतीच्या देवळात दर गुरुवारी भजन होई आणि मृदंगावर बाबा. पण दोन वर्षांपासून बुवांनी लय वाढवली की बाबा मागेच राहत. बुवा म्हणजे मंडळाचे मुख्य गाणारे, धान्याच्या दुकानात मापारी, स्वतःच्या गळ्यावर फार प्रेम. त्या साली दिवाळीच्या आधी त्यांनी सांगून टाकलं, "कार्तिकी एकादशीले मृदंग दुसऱ्याले देऊ. तुमी फुटाने वाटा."

बाबा घरी आले आणि मृदंगाच्या डाव्या पुडीवरची वाळलेली कणीक नखानं खरवडत बसले. जेवले नाहीत.

मी तेव्हा अमरावतीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात होतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. हे मी आजही न विचारता सांगतो. दोन ट्रान्झिस्टरचा एक रेडिओ मी वसतिगृहात जुळवला होता. त्याला कर्णा नव्हता, हेडफोन लावूनच ऐकावं लागे. सुटी लागताना आमच्या सरांनी प्रयोगशाळेच्या बाद सामानातून दोन हेडफोन काढून दिले. म्हणाले, "दोन्ही घेऊन जा, ऐकून बघ. एक तुझा. दुसरा परत आण, आणखी एक जण मागतो आहे."

बडनेऱ्याला गाडीत बसलो तोवर माझी निवड झालेली होती. एक हेडफोन हलका होता. त्यात बासरी अशी यायची की वाजवणाऱ्याचा श्वास मोजावा. तबला तेवढा पत्र्याच्या डब्यावर बोटं आपटल्यासारखा. दुसरा लष्कराच्या भंगारातला, काळा, जड, डोक्यावर घातला की मान खाली जाई. त्यात डग्गा पोटात घुमे, पण गाणारा गोधडीत तोंड खुपसून गातो आहे असं वाटे. मला बासरीचं वेड. हलकाच ठेवायचा, यात शंका नव्हती.

अकोल्याला छपरावर एरियलची तार ताणली. दिवेलागणीला नागपूर केंद्र लागलं आणि अर्धी गल्ली ओट्यावर जमली. मी एकेकाच्या डोक्यावर हलका हेडफोन चढवला. शेजारचे पिंजारी चाचा डोळे मिटून म्हणाले, "या अल्ला, जैसे कान में बैठ के गा रही है!" मग जड चढवला तर म्हणाले, "ये क्या? बाई को रजाई में लपेट दिया?" सगळे हसले. मी कॉलेजवाल्याच्या थाटात म्हटलं, जड हेडफोन परत जाणार आहे.

मग बाबांची पाळी. हलका हेडफोन घालून ते मांडी घालून बसले. मान डोलू लागली. "वा! काय गळा हाये! वा रे वा!"

मी खूश. तेवढ्यात आई बाबांच्या पाठीमागून आली, तोंडावर बोट ठेवलं आणि हेडफोनची पिन हळूच उपटून काढली. रेडिओ मुका झाला. बाबांची मान डोलतच होती.

मी ओरडून विचारलं, "बाबा, कोन गाऊन राहिलं? बाई का मानूस?"

"बाई-मानूस काय पाहाचं? गानं पाह्य, गानं!"

आईनं पिन त्यांच्या नाकासमोर धरली. "हे पाहा तुमचं गानं!" ओटा खदखदून हसला. चाचांनी तर पागोटं तोंडात कोंबलं. मीही हसलो, हे कबूल करतो.

बाबांनी हेडफोन काढून ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोट्ट्यानं सहा महिने खपून यंत्र केलं. चार लोकांसमोर आयकू येत नाही म्हनू? येडा-बह्याड हाये का मी?" आणि आत गेले. ओटा पटकन रिकामा झाला. आईनं त्या दिवशी त्यांना न मागता दोनदा चहा दिला.

दुसऱ्या दिवशी आईनंच मला ढोसलं, "तो काया, जड दे ना. मनवून पाह्य." बाबा तयार नव्हते. शेवटी बसले, पण आधी पिन हातात घेऊन स्वतः खोचली आणि आईला दम दिला, "दूर बस. तिकडे, चुलीपाशी."

जड हेडफोन चढवला. थोडा वेळ काहीच नाही. मग उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर हलली. मग डावा पंजा मांडीवर पडला. आईनं माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले, म्हणजे पुन्हा सोंग. मी बाबांच्या एका कानावरची वाटी बाहेर वळवून त्या वाटीला माझा कान लावला. आत बंदिश चालली होती आणि बाबांचा पंजा समेवर पडत होता. एकदा नाही, दर वेळी.

"हा तबल्यावाला पळून कावून राहिला बे?" बाबा चिडून म्हणाले. "याले काय गाडी पकडाची हाये?"

तबलजी खरोखरच पळत होता.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. वर्गात शिकलेलं मी वहीतच ठेवलं होतं. जिनानं बाबांच्या कानातले बारीक आवाज खाऊन टाकले होते आणि जाडे तसेच शिल्लक होते. मालकाचा आवाज जाडा. रेंगीचा गडगडाट जाडा. आईचा आवाज बारीक, आणि बुवांचा तर त्याहून. मी आईला समजावलं. ती घसा खाकरून पहिलवानासारख्या आवाजात बोलली, "अवो, पानी आना!"

बाबा दचकले. "आनतो ना, आंगावर कावून येतं?" आणि मला म्हणाले, "हे तिले कायले सांगतलं तू?"

मी तडक बुवांकडे गेलो. म्हटलं, "बुवा, एकादशीले बाबाले मृदंगावर बसवा. फक्त तुमच्याजवळ नाही, झीलकऱ्यापाशी." बुवांमागून ओळ उचलून झील धरणारे आमच्याकडचे एक गाडीवान होते, त्यांचा आवाज रेड्यासारखा.

"कॉलेजात गेला म्हून भजन शिकवतं आमाले?"

"नाही बुवा. तुमचा आवाज बारीक हाये."

तीस वर्षांत असं त्यांना कोणी म्हटलेलं नसावं. हातातलं माप तसंच राहिलं. मी घाईनं जोडलं, "म्हनजे गोड हाये. पन बारीक." त्यांनी माप खाली ठेवलं. मग म्हणाले, "एक भजन. चुकला तं त्यानं सोताहून उठायचं."

एकादशीला बाबा झीलकऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसले. बुवांनी मुद्दाम लय तीनदा बदलली. शेवटची तर अशी की टाळकरीच भांबावले. बुवा उचलत, झीलकरी हंबरत, आणि बाबांचा हात त्या हंबरण्याबरोबर पुढे जाई. एक भजन झालं. बुवांनी दुसरं सुरू केलं आणि उठायचं कोणी नावच काढलं नाही. त्या दिवशी फुटाणे मी वाटले.

सुटी संपल्यावर हलका हेडफोन सरांना परत केला. सर म्हणाले, "अरे, हा चांगला होता!" मी म्हटलं, "हो सर, हाच चांगला होता." जड हेडफोन आणि रेडिओ अकोल्यालाच ठेवून आलो होतो. अमरावतीच्या वसतिगृहात मग वर्षभर बासरी नव्हती. मी पदवीधर झालो, दुसऱ्या श्रेणीत. आणि बाबांनी देवळातला मृदंग पुढं अकरा वर्षं वाजवला.