बकरीने खाल्लेला घोडा

घोडा खाल्ला बकरीने. पण बकरी आणली होती तेर्योने, आणि ती इनांग सेपाच्या अंगणात, वाळत घातलेल्या घोड्याच्या अगदी शेजारी, स्वतःच्या हाताने बांधलीही होती त्यानेच. त्यामुळे पाएते गावातल्या त्या उतरत्या गल्लीत पुढे कायम ‘तेर्योने घोडा खाल्ला त्या वर्षी’ असंच बोललं जायचं.

घोडा कागदाचा होता. संत सांतियागोचा सण तोंडावर आला होता आणि बऱ्याच दिवसांनी ऊन पडलं होतं. अशा उन्हात गल्ली आपल्या घरातलं सगळं ओलं बाहेर काढते. कुणाचे मासे, कुणाच्या गोधड्या, तर सुतारांचे ताजे रंगवलेले लाकडी संत एका रांगेत, हात वर करून. इनांग सेपाने घोड्याचे दोन लाकडी साचे बाहेर ठेवले. एक पुढच्या भागाचा, एक मागच्या. दोन्हींवर खळीत बुडवलेल्या कागदाच्या पट्ट्यांचे थरावर थर चिकटवलेले. तेर्योला तिने एवढंच सांगितलं, “लक्ष ठेव.”

तेर्योने लक्ष ठेवलं. पण ते खिडकीवर. तिथे इनांग सेपाची मुलगी निंगनिंग बसली होती आणि लाल रबरी चपलेतून कागदी कोंबड्याची जीभ कापत होती. चपलेतून जीभ कापणारी मुलगी इतकी सुंदर दिसू शकते हे तेर्योला त्या दिवशीच कळलं. तेवढ्यात बकरीने घोड्याचा मागचा भाग आधी चाटून पाहिला. पट्ट्या साबुदाण्याच्या पिठाच्या खळीत भिजलेल्या. चव पसंत पडली. मग तिने शेपटीच्या जागेपासून सुरुवात केली आणि दोन्ही मांड्या संपवून थेट लाकूड लागेपर्यंत ती थांबली नाही.

इनांग सेपा बाहेर आली. बकरीच्या तोंडातून वर्तमानपत्राचा एक कोपरा लोंबत होता.

“कुणाची ही?”

“मीच आणली, आलिंग सेपा. सणासाठी. तुमच्यासाठी.”

“माझ्यासाठी आणलीस, तर माझ्या घोड्यावर का पोसतोस?”

इनांग सेपाने पातेल्यात बोट बुडवलं, दोन बोटांत खळ चोळून पाहिली आणि मान हलवली. “खळ मात्र जमलीय. बकरी काही तोंडदेखलं खात नाही.”

समोरच्या ओट्यावर संताचं नाक तासत बसलेला ताता उस्तिंग ओरडला, “सेपा, जावई चांगला शोधलास! येताना पाहुणाही बरोबर आणतो, आणि त्याचं जेवण तुझ्याकडून!”

“जावई कोण म्हणालं?” इनांग सेपाने विचारलं. तेर्यो घाबरला तो यामुळे. बकरीमुळे नव्हे.

कारण तो तिथे राबायला येत होता. मुलगी मागायची तर तिच्या घरी राबायचं, ही त्या भागातली जुनी रीत. शहरात शिकून आलेली पोरं तिला हसतात, आणि मग तीच पोरं सासऱ्याच्या घरी पाण्याच्या बादल्या वाहताना दिसतात. इनांग सेपाच्या घरी नळ होता आणि लाकडं फोडायची गरजच नव्हती. नवऱ्याच्या हयातभरच्या ढलप्या अजून चुलीला पुरत होत्या. म्हणून तिथे राबणं म्हणजे कागद फाडणं आणि खळ ढवळणं. तेर्यो शेजारच्या पाकिल गावातला न्हावी. दुकान बंद असेल त्या दिवशी तो यायचा. पहिल्याच दिवशी त्याने खिशातून कात्री काढली आणि सरळ, सारख्या, देखण्या पट्ट्यांचा ढीग कापून ठेवला. इनांग सेपाने तो ढीग उचलून चुलीत घातला.

“कापलेली कड वर दिसते. फाडलेली कड मिसळून जाते. कात्री ठेव. घोड्याचा चकोट करायला नाही बोलावलं तुला.”

तेव्हापासून कात्री खिशातच राहिली, आणि ‘इनांग’ हा शब्द तोंडातच. गल्लीतली सगळी तिला इनांग, म्हणजे आईच म्हणत. तेर्योनेही एकदा भीतभीत म्हटलं, तेव्हा ती म्हणाली, “गल्लीतली कोंबडी म्हणते ती गोष्ट वेगळी. तुझं अजून ठरलेलं नाही.” म्हणून तो बिचारा तिला आलिंग सेपा म्हणायचा, मासळीबाजारात कोळणीला हाक मारतात तसं. उत्तर सणाच्या दिवशी देईन, असं तिने सांगून ठेवलं होतं.

इनांग सेपाचा संसारही असाच कागद आणि लाकडाचा. नवरा आंदोय संत कोरायचा. सरळ, गाठ नसलेलं लाकूड संतांना जायचं. गाठीचं, तिरकं, किडकं उरायचं त्याचे तो बायकोसाठी प्राण्यांचे साचे करायचा. त्यामुळे तिची म्हैस जरा तिरळी होती आणि डुकराच्या पाठीवर टेंगूळ होतं. “संत गेले देवळात, माझ्या वाट्याला आलं डुक्कर,” असं ती म्हणायची. पण नवरा गेल्यावर संत कुणाच्या देवळात कुठे आहेत हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. डुकरं मात्र दरवर्षी नवी जन्मत राहिली.

प्राणी नुसते कागदाचे ठेवणं तिला पटायचं नाही. डोळ्यांना शिंपले, आयाळीला नारळाचा काथ्या, शेपटीला अबाका नावाच्या रानकेळीचे धागे, गळ्यातल्या घंटेला दुधाच्या डब्याचा पत्रा. आणि चेहरा गल्लीतल्याच कुणाचा तरी. कोंबडा हुबेहूब ताता उस्तिंगसारखा दिसायचा, हे ताता उस्तिंग सोडून सगळ्यांना माहीत होतं. तो स्वतः दरवर्षी कोंबड्यासमोर उभा राहून म्हणायचा, “याच्या चेहऱ्यावर काय तोरा आहे बघा! कोण आहे हा?”

आणि या सगळ्यांत मानाचा घोडा. सांतियागो घोड्यावर बसतो. म्हणून सणाला गल्लीच्या तोंडावर बांबूची कमान उभी राहते, आणि त्या कमानीवर इनांग सेपाचा घोडा चढतो. घोडा नसेल तर गल्लीने सणाला तोंड कसं दाखवायचं?

तर बकरीच्या दिवशीच इनांग सेपा आणि तेर्योने मिळून मागच्या भागावर नवे थर चढवले, आणि दुसऱ्या दिवसापासून पाऊस लागला. एकदा इनांग सेपाने कोंबडा चुलीच्या धुरावर वाळवला होता. त्याला सुक्या मासळीचा असा वास लागला की सणभर मांजरं कमानीखाली हलायला तयार नव्हती. म्हणजे चूल नको. ती तेर्योकडे वळून म्हणाली,

“तुझ्या दुकानात ते केस वाळवायचं यंत्र आहे ना?”

“आहे ना.”

“मग घेऊन जा.”

“काय?”

“ढुंगण.”

“घोड्याचं?”

“नाही, माझं.”

निंगनिंग आत पळाली. तिचं हसू आतून ऐकू येत होतं. थोड्या वेळाने ती एक मोठी पिशवी घेऊन आली. “यात घालून देऊ?”

“पिशवीत कोंडलं की बुरशी धरते,” इनांग सेपा म्हणाली. “उघडं न्यायचं. मांडीवर. चार जण बघतील तर बघू देत, बघण्याने ते काही विटत नाही.”

साचा शिसवाइतका जड. वर कागद ओला. तेर्यो जीपमध्ये चढला आणि ते मांडीवर घेऊन बसला. कसंही धरलं तरी शेपटीचं भोक समोर बसलेल्या कुणाच्या तरी तोंडासमोर यायचं. शेवटी ते बदकाची अंडी घेऊन निघालेल्या एका म्हातारीसमोर स्थिरावलं.

“सामान टपावर टाक,” चालक आरशातून म्हणाला.

“पाऊस आहे, दादा. भिजेल.”

“मग त्याचं भाडं दे.”

“अर्धाच तर घोडा आहे!”

“अर्धा असो, जागा पूर्ण माणसाची खातोय.”

म्हातारीने अंड्यांची टोपली मागे सरकवली आणि शांतपणे विचारलं, “पुढचा भाग मागच्या गाडीने येतोय का?”

पाकिल येईपर्यंत जीपमधल्या प्रत्येकाला बकरी, घोडा, निंगनिंग आणि आलिंग सेपा यांची सगळी हकिगत कळलेली होती. तेर्योनेच सांगितली. एकदा मांडीवर घोड्याचा मागचा भाग आला की माणूस लपवणार तरी काय? उतरताना चालकाने भाडं एकाचंच घेतलं. म्हातारी म्हणाली, “मुलगी नाही म्हणाली तर कळव. माझी एक नात आहे, आणि आमच्याकडे नुसती बदकं आहेत.”

दुकानात शाळेचे हेडमास्तर डोक्याला फेस लावून बसले होते. मदतनीसाने सुरुवात करून ठेवली होती. तेर्योने घोड्याचा भाग दुसऱ्या खुर्चीवर बसवला, त्याच्याभोवती सवयीने पांढरा कपडा बांधला आणि यंत्र सुरू केलं.

“तेर्यो, मी आधी आलोय.”

“हे ओलं आहे, सर.”

“मग मी काय वाळलेला आहे?”

डावी मांडी छान वाळली. यंत्र उजवीकडे वळलं आणि वीज गेली. पाकिलमध्ये वीज गेली की ती कधी येईल हे विचारायचं नसतं. तेर्योने कोळशाची शेगडी पेटवली, गिऱ्हाइकांच्या हातात पंखे दिले. हेडमास्तर फेसासकट खाली उकिडवे बसले आणि उजव्या मांडीला वारा घालू लागले. बाहेर लोक जमले. कुणीतरी विचारलं, “कोण गेलं?” दुसऱ्याने आत डोकावून सांगितलं, “घोडा. अर्धा.”

सणाच्या आदल्या दिवशी तेर्यो ते वाळलेलं ओझं घेऊन परतला. इनांग सेपाने कागदाला चीर देऊन तो साच्यावरून उतरवला, आणि पुढच्या भागाशी जोडून पाहिला. तेर्योचा चेहरा उतरला. यंत्राने वाळलेली डावी मांडी आकसली होती, शेगडीवर वाळलेली उजवी फुगली होती. घोडा मागून एका अंगावर बसत चालला होता.

“मी पुन्हा करतो,” तो म्हणाला.

“उद्या सण आहे.”

“मग काय करायचं?”

इनांग सेपाने घोडा एकदा गोल फिरवून पाहिला. मग म्हणाली, “लग्नाच्या दिवशी आंदोय असाच उभा होता. बसू की पळू, असा. चालेल हा.” आणि पट्ट्या खळीत बुडवून तिने जोड भरायला घेतला.

ती शिंपले शोधायला आत गेली तेव्हा निंगनिंग हळूच तेर्योजवळ आली. “तुला एक सांगू? रागावणार नाहीस ना?”

“सांग.”

“गल्लीच्या तोंडाशी बेकरी आहे बघ. आई पावसाळ्यात सगळं तिच्याच भट्टीवर वाळवते. दरवर्षी.”

तेर्योने काथ्या खाली ठेवला. “मग मला पाकिलला कशाला पाठवलं?”

“तुझ्या आधी एक येत होता. पांढरा शर्ट, चकाकते बूट. आईने त्याला पांगिल गावच्या जत्रेला डुक्कर पोचवायला सांगितलं. त्याने ते चादरीत गुंडाळून नेलं, कुणी बघू नये म्हणून. डुकराचा कान मोडला. तो काही परत आला नाही.”

“आणि डुक्कर?”

“डुक्कर आलं. त्याला आईने नवा कान लावला.”

इनांग सेपा बाहेर आली, तिने दोघांकडे बघितलं, आणि कधी नव्हे ते म्हणाली, “आता काढ ती कात्री.”

तेर्योने मग घोड्याची आयाळ कापली. कानामागे बारीक, मध्ये भांग, मानेवर साफ. पाकिलमधला कुठलाही नवरदेव लग्नाला असा गेला असता. कपाळावरची बट कमी पडली, तेव्हा त्याने अंगणात जाऊन बकरीची दाढी उतरवली आणि ती तिथे चिकटवली. “फेड हिशोब,” त्याने बकरीला सांगितलं. बकरी मान वळवून खळीच्या पातेल्याकडे बघत राहिली.

सणाच्या दिवशी घोडा कमानीवर चढला. बँड आला, मिरवणूक आली, खाली थांबली, आणि वर बघून हसू लागली. कागदी घोडे त्या गावाने पुष्कळ पाहिले होते, पण भांग पाडलेला, एका अंगावर टेकू पाहणारा आणि बकरीची दाढी कपाळावर मिरवणारा घोडा कुणी पाहिला नव्हता.

“सेपा, हा बसतोय की उठतोय?” ताता उस्तिंगने विचारलं.

“विचार करतोय. तुला जमत नाही म्हणून त्यालाही जमू नये का?”

जेवायला शेवया होत्या, तांदळाचा गरम केक, बिबिंका होता. बकरीचा रस्सा होईल म्हणून आशेने आलेल्या लोकांनी इकडेतिकडे बघितलं. बकरी चुलीजवळ बांधलेली होती आणि तिच्यापुढे खळीची वाटी होती. इनांग सेपाने जाहीर केलं की यापुढे खळ आधी तिला दाखवायची. तिने खाल्ली तर कागदाला लावायची, नाही तर टाकून द्यायची. बकरीला नोकरी लागली होती. तेर्योचं काय ते मात्र कुणी बोलेना.

दुपार कलली. पाहुणे पांगले. इनांग सेपा पदर खोचल्यासारखा आपला घागरा वर खोचून पुन्हा चुलीपुढे बसली होती. कोंबड्याची एक मागणी बाकी होती. तेर्योच्या हातात न विचारता तिने डाव दिला होता, आणि तो केव्हापासून पातेल्यापुढे उभा होता. निंगनिंग दारात, हातात लाल चप्पल. ती डोळ्यांनी ‘विचार, विचार’ करत होती. तेर्योने घसा साफ केला, डाव थांबवला आणि एका दमात म्हणून टाकलं,

“आलिंग सेपा, आज सण. तुम्ही म्हणाला होतात सणाच्या दिवशी सांगीन. बकरीचं ठरलं, घोड्याचं ठरलं. माझं काय?”

इनांग सेपाने पातेल्यातून नजर काढली नाही.

“आलिंग काय म्हणतोस रे, इनांग म्हण, आणि ढवळ, खाली लागतेय.”