फणसाला धमकी

आमच्या घरात देव्हारा नाही. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव नेऊन खाडीत सोडले आणि उपास, नवस, गंडेदोरे सगळंच बंद झालं. झाडांचं मात्र तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नसावं. कारण माझी आई दर रविवारी विहारात जाते, भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना फैलावर घेते, आणि तरीही चिंचेखाली झोपू देत नाही, दारात शेवगा लावू देत नाही आणि ग्रहण लागलं की मुसळ घेऊन बाहेर पडते.

मुसळ फणसासाठी. ज्या झाडाला फळ धरत नाही त्याला ग्रहणात मुसळाचे चार फटके द्यायचे, मग ते धरतं, असं तिचं शास्त्र. मी मुरुडला शाळेत विज्ञान शिकवतो. एकदा मी तिला दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांची आठवण करून दिली.

"त्यात फणसाचं काय बी लिवलेलं न्हाय," ती म्हणाली. "वाच परत."

मी खरंच परत वाचल्या. नव्हतं.

हा फणस मूळचा तळा गावचा, आईच्या माहेरचा. मामांनी तिथली जागा विकली त्या वर्षी आईने शेवटच्या फणसाची एक आठळी रुमालात बांधून आणली आणि आमच्या घराच्या कडेला पुरली. माहेरचं म्हणून तिच्याकडे एवढंच उरलंय. त्याला बारा-तेरा वर्षं झाली. झाड कौलांच्या वर गेलं, पण कुयरी, म्हणजे बोटभर कोवळा फणस, एकही धरली नाही. त्याला लाज वाटावी म्हणून आईने बुंध्याला एक जुनी चप्पल बांधली. चप्पल माझी होती आणि तितकी जुनीही नव्हती.

बायकोला नेमकी तीच जागा हवी होती. मागच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो आणि त्यांच्या गाड्या लावायला जागा नाही. गाडी रस्त्यात राहते, मग एसटी अडते, मग ड्रायव्हर खाली उतरतो आणि बायकोला चार शब्द ऐकवतो. दिवाळी झाल्यावर तिने सांगून टाकलं, शिमग्यापर्यंत कुयरी दिसली तर ठीक, नाहीतर झाड काढायचं. तिचं काही चूक नव्हतं, पण आई दोन दिवस नीट जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी आईने शेवटचा उपाय काढला. एकाने कोयता उगारून झाडाला म्हणायचं, तुला तोडतो. दुसऱ्याने मध्ये पडून म्हणायचं, नको, पुढच्या वर्षी धरील. झाड भितं आणि धरतं. कोयता अर्थातच माझ्या हातात आला. शेजारचं कुणी बघत नाही ना, याची खात्री करून मी फणसाला म्हणालो, "मी तुला तोडणार आहे."

आईने तिचं वाक्य म्हटलंच नाही. "हजेरी घेतल्यावानी बोलतोस. सातवीतली पोरं तुला भियत न्हाईत, ह्यो काय भिणार?" मग तिने स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली. "तू ये गो. तुला खराच तोडायचाय."

बायको बोंबील तळायचे सोडून आली. तिने माझ्या हातातला कोयता घेतला आणि सुरू झाली. "इतकी वर्षं आयतं पाणी पितोयस. सगळ्यांच्या दारची झाडं धरली, तूच कसा रिकामा? येणारा-जाणारा विचारतो, काय सांगायचं त्यांना? अजून किती वाट बघायची? आज काढूनच टाकते."

झाडाचं माहीत नाही, मी दोन पावलं मागे सरकलो.

आई बुंध्याला पाठ लावून उभी राहिली. "नको गो," ती म्हणाली. "परक्या मातीत आलाय, रुळायला येळ लागतो. धरील पुढच्या वर्षी. घाई काय हाय?"

बायकोने कोयता खाली घेतला. हे शब्द आम्ही दोघांनीही आधी ऐकले होते. लग्नाला नऊ वर्षं होऊन आम्हाला मूल नव्हतं, तेव्हा लग्नाकार्यात भेटणारी प्रत्येक बाई आईला विचारायची आणि आई प्रत्येकीला हेच सांगायची, पुढच्या वर्षी, घाई काय हाय. न फळणाऱ्या झाडाला मुसळाने बडवणाऱ्या माझ्या आईने सुनेला कधी कसला झाडपाला खायला लावला नाही की एक शब्द ऐकवला नाही. दहाव्या वर्षी मुलगी झाली. याबद्दल मी आईला आजवर काहीच म्हटलं नव्हतं, आणि त्या फणसाखाली मला त्याची फार लाज वाटली.

"बरं," बायको म्हणाली आणि बोंबील करपतील म्हणून आत गेली.

शिमगा आला. मी शिडी लावून खालपासून वरपर्यंत पाहिलं. कुयरी नव्हती. घरात कुणी विषय काढला नाही. बायकोने फक्त बुंध्यावरची चप्पल सोडली आणि माझ्यापुढे टाकली. "घाला. त्याला नका लाजवू."

मे महिन्यात पुण्याहून एक कुटुंब आलं. गाडी नेहमीसारखी रस्त्यातच लागली. त्यांच्यातल्या बाई वर बघत म्हणाल्या, "एवढं मोठं झाड, फणस नाही लागत याला?"

"लागतील की," बायको म्हणाली. "पुढच्या वर्षी या. घाई काय आहे?"

मागे एसटीचा ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढायला तयार नव्हता.