आमचं आडनाव

युद्धस्मारकाच्या भिंतीवर शहिदांची नावं कोरलेली होती. "पंधरा मिनिटं, मग जेवण," असं टूर मॅनेजरने सांगताच आमची अख्खी बस भिंतीवर आपापलं आडनाव शोधू लागली. शाळेत निकालाच्या फळ्यापुढे व्हायची तशी गर्दी झाली.

"सापडला, आमचा जाधव," पुढच्या सीटवरचे जाधवकाका म्हणाले आणि काकूंना त्यांनी फोटोसाठी नावाशेजारी उभं केलं. मग त्यांनी नावापुढचं वय वाचलं. "आपल्या नातवाएवढाच की गं," म्हणत त्यांनी मोबाइल खिशात ठेवला.

बेरीज दोनदा तपासायची माझी सवय आहे, म्हणून भिंतही दोनदा तपासली. आमचं आडनाव नव्हतं. आधी मी खट्टू झालो, मग मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचं जरा ओशाळंही वाटलं.

"कसं असेल?" बायको म्हणाली. "मुलाला एनसीसीत तरी जाऊ दिलंत का? म्हणे ऊन लागेल."

निकालाच्या फळ्यावर नाव नसलं की माणूस नापास असतो. इथे नाव नसलेले आम्ही सगळे जेवायला निघालो होतो.

ऊन चांगलंच होतं. मी टोपी काढून हातात धरली.