पूजेत ठेवलेली पेटी

माझी मुलगी अकराव्या वर्षी माझ्या खांद्याला लागली आणि पंधराव्या वर्षी मला ओलांडून पुढे गेली. आमच्या दोन्ही घराण्यांत इतकं उंच कोणीच नाही. पुण्याहून फोन आला की सासूबाई आधी हेच विचारायच्या, "अजून वाढतेच आहे का गं ती?" त्यांच्या आवाजात अशी काळजी असायची की आम्हीच तिला दोन टोकांनी धरून ओढतोय असं वाटावं. न्यूझीलंडमधल्या पापाकुऱ्यातल्या आमच्या घरात वरच्या फळीवरचे डबे काढायला मात्र तिच्याशिवाय पान हलत नसे.

तिच्या उंचीचं कौतुक पहिल्यांदा केलं ते तिच्या कॉलेजातल्या बास्केटबॉलच्या बाईंनी. इथे माध्यमिक शाळेलाच बऱ्याच ठिकाणी कॉलेज म्हणतात. त्या दिवसापासून माझे शनिवार गेले. मी खेळ म्हणून आयुष्यात फक्त कॅरम खेळलेला, कंप्युटरसमोर बसून पोट सुटलेला माणूस. पण गाडीत चार घामट मुली कोंबून मी ओटाहुहूपासून अवोन्डेलपर्यंतचे हॉल पालथे घातले, टेबलाशी बसून फाउल लिहायला शिकलो. मुली मला अंकल म्हणायच्या आणि माझ्या डब्यातल्या पोह्यांवर तुटून पडायच्या. माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले शनिवार तेच होते.

सोळाव्या वर्षी ती सरावात धावता धावता पडली. लगेच उठलीही, आणि म्हणाली नाश्ता केला नव्हता. बाईंनी ऐकलं नाही, आम्हाला बोलावून घेतलं. मग तपासण्या झाल्या. हृदयाचा स्नायू जन्मापासून जाड, रक्त पुढे जायची वाट अरुंद. चालेल, शिकेल, नोकरी करेल, पण स्पर्धेत खेळायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी तिच्याच डोळ्यांत बघून सांगितलं. खेळताना हृदय अचानक थांबू शकतं, हेही सांगितलं. दोष आनुवंशिक, म्हणून आम्हा दोघांनाही तपासलं. तो माझ्याकडून आला होता. मला कधी कळलं नाही, कारण मी आयुष्यात बस पकडायलाही धावलो नव्हतो.

बाईंनी तिला जवळ घेतलं, दोघी रडल्या, आणि बाईंनी तिला संघातून काढलं. गुण लिहायला बस म्हणाल्या. ती एक शनिवार बसली. पुढच्या शनिवारी खोलीचं दार लावून घेतलं ते जेवायलाही उघडेना. आम्ही दाराबाहेरून मराठीत बोलायचो, ती आतून इंग्रजीत उत्तर द्यायची. तसं ते नेहमीचंच होतं. पण आता उत्तरंही बंद झाली. बायको ओटाहुहूला औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट आहे. दिवसभर लोकांना गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावून सांगणारी बाई घरी येऊन त्या दारापुढे हातात ताट घेऊन उभी राहायची. मला ते बघवत नसे.

अशात दुसऱ्या कॉलेजच्या प्रशिक्षकाचा फोन आला. हा माणूस वर्षभर तिच्यावर डोळा ठेवून होता. चांगलं स्थळ दुसऱ्याच्या दारातून उचलून न्यावं तशी ही कॉलेजं एकमेकांच्या मुली उचलतात. बाहेरून आणलेल्या मुली एका संघात मोजक्याच चालतात, त्यातली एक जागा तो तिच्यासाठी राखायला तयार होता. भेटायला गेलो तर त्याच्या खोलीत अमेरिकेतल्या विद्यापीठांत शिष्यवृत्तीवर गेलेल्या मुलींचे फोटो लावले होते. आजाराबद्दल मीच त्याला सांगितलं. वाटलं, ऐकून मागे सरेल. तो मान हलवत म्हणाला, "इट्स हर कॉल, मेट." निर्णय तिचा.

आणि तो तिचाच होता, पंचाईत ती होती. सोळा पूर्ण झाली की आपल्या औषधपाण्याचं मूल इथे स्वतः ठरवू शकतं. हृदय थांबलंच तर आतून झटका देणारं यंत्र छातीत बसवून घे, असं डॉक्टरीणबाईंनी सुचवलं होतं. ते बसलं की खेळ संपला म्हणून तिने नाही सांगितलं. गोळ्यांनी पाय जड होतात म्हणून त्याही ती आपल्या मनाने घ्यायची. घरात महाभारत झालं. बायको म्हणाली, "कॉलेज बदलायचं नाही म्हणजे नाही." पोरीने मोजकंच ऐकवलं. "आई, आय'म ऑलरेडी डेड इन देअर." आणि खोलीकडे बोट दाखवलं. 

मग मी शहाणपणा केला. बंद पडलेल्या हृदयाला शॉक देणारं यंत्र असतं ना, ते विकत आणलं. लाल पिशवीत मावणारं, उघडलं की इंग्रजीत सूचना देणारं. ते कसं वापरायचं याचं शिक्षणही घेतलं. घरात त्याला आम्ही पेटी म्हणायचो. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला ती पिशवी घेऊन गेलो तर एका काकांनी हौसेने विचारलं, "वा, पेटी वाजवता वाटतं? मग आमच्या गाण्याला बसा की!" पोरगी हसून हसून बेजार झाली. रविवारी मी सोफ्यावरची उशी जमिनीवर ठेवून छाती दाबायचा सराव करायचो, आणि ती फोनवर वेळ लावून वरून ओरडायची, "फास्टर, बाबा! आय'म डाइंग हिअर!"

करार असा ठरला की पेटी असेल तर खेळायचं, पेटी नसेल तर नाही. तिने हात पुढे केला, मी मिळवला, आणि तिने कॉलेज बदललं. नव्या प्रशिक्षकाला सांगितलं तर म्हणाला, "स्वीट ॲज." म्हणजे झकास. पुढे मुख्याध्यापिकेपासून इतर पालकांपर्यंत कोणी शंका काढली की तो माझ्याकडे बोट करायचा, डॅडकडे मशीन आहे. डॉक्टरीणबाईंनी नाकारलेली परवानगी मी दुकानातून विकत आणली होती. हे मला कळत नव्हतं असं नाही. पण ती जेवायला लागली होती, दार उघडं राहायला लागलं होतं, आणि त्यापुढे मला काही सुचत नव्हतं.

सामना सुरू होण्याआधी ती मधल्या वर्तुळात उभी राहून वर प्रेक्षकांत माझ्याकडे बघायची आणि छातीवर दोनदा थाप मारायची. मी पिशवी उचलून दाखवायचो. मग ती माझ्याकडे पाठ करायची. चेंडू कुठे गेला, कोण जिंकलं, मला काही कळायचं नाही. मी फक्त तिच्या ओठांचा रंग बघत बसायचो. बायको एकाही सामन्याला आली नाही. ती शनिवारची पाळी मागून घ्यायची आणि मी गाडीत बसलो की फोन करायची. "झालं?" "झालं." एवढंच आमचं बोलणं.

त्या वर्षी त्यांचा संघ मोठ्या स्पर्धेच्या फायनलला पोचला. अमेरिकेतून कोणीतरी तिचा खेळ बघणार होतं. सामना होता शनिवारी दुपारी, शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि त्याच दिवशी दसरा होता.

आमच्या घरी दसरा म्हणजे देवापुढे एक उदबत्ती आणि दुकानातलं श्रीखंड. त्या दिवशी सकाळी मी उठून बघतो तर बायकोने न्हाऊन, साडी नेसून, बैठकीच्या खोलीत पाट मांडलेला. पाटावर तिची औषधांची जाड पुस्तकं, माझा लॅपटॉप, घरातला स्क्रूड्रायव्हरचा संच, आणि मधोमध पेटी. हळदकुंकू वाहिलेलं. दसऱ्याला इथे वसंत असतो, झेंडू कुठला मिळायला. सुपरमार्केटमधली पिवळी शेवंती वाहिली होती. पोरगी संघाबरोबर पहाटेच गेली होती.

"पूजेतली वस्तू उद्यापर्यंत उचलायची नाही," बायको म्हणाली.

लहानपणी आम्ही सगळ्यांनीच याचा फायदा घेतलेला. पुस्तकं पूजेत, म्हणजे अभ्यासाला सुट्टी. पण ही बाई कधी असलं काही मानणारी नव्हती. 

"अगं, फायनल आहे आज."

"माहीत आहे. म्हणूनच." तिने पेटीवरचं फूल पुन्हा सारखं केलं. "पेटी नाही तर खेळ नाही, तूच ठरवलंस ना? मग आज पेटी नाही. चिडू दे माझ्यावर. जन्मभर बोलली नाही तरी चालेल. तिकडे अमेरिकेत कोण बसणार आहे पिशवी घेऊन?"

 पोरगी करार मोडणारी नव्हती, याची आम्हा दोघांनाही खात्री होती. आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. इतके महिने जे मला जमलं नव्हतं ते तिने एका पाटावर करून दाखवलं होतं. मी पेटीला नमस्कार केला आणि रिकाम्या हाताने गाडीत बसलो.

हॉल गच्च भरला होता. पोहोचायला उशीर झाला, संघ मैदानावर उतरलेला. ती वर्तुळात आली, वर बघितलं, छातीवर दोनदा थाप मारली. मी उभा राहून दोन्ही हात पसरून दाखवले.  मला वाटलं, आता ही बाहेर येणार, रडणार, मला काय वाटेल ते बोलणार, आणि मी तिला घरी नेणार. तिने एकदा बाकावरच्या मुलींकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग खांदे उडवले आणि पाठ केली.

 गर्दीतून वाट काढत प्रशिक्षकापर्यंत गेलो, सांगितलं, मशीन नाहीये, तिला बाहेर काढ. त्याने मैदानावरची नजरही न हटवता सांगितलं, "देअर्स वन इन द लॉबी. शी'ल बी राइट." इथे छप्पर गळत असलं तरी हेच म्हणतात, ब्रेक लागत नसले तरी हेच. होईल ठीक. मी आत घुसून दंडाला धरून तिला ओढत बाहेर आणायला हवं होतं. पण एवढ्या लोकांत सतरा वर्षांच्या मुलीला ओढायचं, शिट्टी थांबवायची, तमाशा करायचा, हे माझ्या अंगातच नव्हतं. आम्हाला लहानपणापासून एकच धाक, चार लोक काय म्हणतील. चार लोकांपैकी एकाचंही नाव मला माहीत नव्हतं.

मी त्याच्या बाकामागे उभा राहिलो. ती सुरेख खेळत होती. मी प्रथमच चेंडू बघितला, कारण तो सतत तिच्याच हातात होता.

तिसऱ्या डावात खेळ थांबलेला असताना ती गुडघ्यांवर हात ठेवून वाकली. मुलींना काहीतरी सांगायला तोंड वर केलं आणि तशीच आडवी झाली. मी पोचलो तेव्हा डोळे उघडे होते. मी छाती दाबायला लागलो. उशीपेक्षा ती फार वेगळी लागते. मी मराठीत ओरडत होतो, "पेटी आणा, पेटी आणा," आणि कोणाला कळत नव्हतं मी काय मागतोय. लॉबीतलं यंत्र आलं. त्याने आपलं काम केलं. मध्ये किती वेळ गेला ते मी कधी कोणाला विचारलं नाही, बायकोनेही विचारलं नाही. माझी पेटी माझ्या पायाशी असायची, एवढं आम्हा दोघांना पुरतं.

बायकोवर मी कधी ओरडलो नाही. एकदाच, पूजा आवरताना, शेवंती सुकून पाटाला चिकटली होती ती नखाने खरवडता खरवडता ती म्हणाली, "मी पेटी तिला घरी आणायला ठेवली होती रे." मला तिचा राग येत होता, आणि तिच्याइतकं माझं कोणी नव्हतं. मी पाट उचलून मोरीत धुवायला नेला.

मुलगी वाचली. बऱ्याच आठवड्यांनी घरी आली. चालते, हाताने जेवते. नवीन काही लक्षात राहत नाही. आणि इंग्रजी गेलं. थोडंफार कळतं, पण तोंडात येत नाही. तीन वर्षांची असताना आम्ही तिला इकडे आणलं, तेव्हा ती जे बोलायची ते उरलंय. मराठीत बोल, मराठीत बोल म्हणून मी चौदा वर्षं तिच्या मागे लागलो होतो. आता ती फक्त मराठीतच बोलते.

शनिवार तिला अजून कळतो, कसा ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. सकाळी बूट घेऊन येते, माझ्यापुढे पाय करते. मी नाड्या बांधतो. मग ती मला विचारते, "बाबा, पेटी घेतली?" बायको तेवढ्यात कपडे वाळत घालायला बाहेर जाते. मी कपाटातून लाल पिशवी काढतो. तिच्या बंदावर हळदीचा डाग आहे, तो धुऊनही जात नाही. मी पिशवी उचलून दाखवतो. ती नीट बघते, छातीवर दोनदा थाप मारते, आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहते, कोणीतरी चेंडू टाकेल म्हणून.