शहाड ते नौपाडा आणि मिश्रीची डबी

काश्मीर पाहिलं तेव्हा महिला मंडळाच्या हस्तलिखितासाठी मी अकरा पानं लिहिली होती. या खेपेचा प्रवास शहाड ते नौपाडा एवढाच, पण लिहिल्याशिवाय सोडणार नाही.

गालाच्या आतली जखम कॅन्सरची निघाली. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, "रेडिएशनआधी किडलेले दात काढून या. नंतर काढले तर जबडा लवकर भरून येत नाही." दोन दिवस मी रडले, तिसऱ्या दिवशी पिशवी भरली. जगायचं होतं, आणि त्याची सुरुवात दातांपासून होती. सोबतीला वन्सं, माझ्या थोरल्या नणंद, साताऱ्याहून मुद्दाम आलेल्या.

रिक्षाने कल्याण, तिथून ठाण्याची बस. दुर्गाडीचा पूल, मग गोदामांची न संपणारी रांग, खारेगावला खाडीचा ओला वारा. माजिवड्याला उतरल्यावर वन्संनी सवयीने मिश्रीची डबी (आमच्याकडे बायका दातांना लावतात ती काळी पूड) पुढे केली. मीही सवयीने बोट बुडवलं. लग्नानंतर आठवड्याभरात सासूबाईंनी शिकवलेली गोष्ट, चहाइतकीच घरातली.

नौपाड्यात दवाखान्याच्या शेजारीच मिसळीचं हॉटेल. तिखटाने तोंडाची आग होते, म्हणून पायरीवर बसून डब्यातला दहीभात गिळला. मिसळीच्या वासात दहीभात खाणं हे काश्मीरच्या थंडीपेक्षा अवघड.

दातांच्या डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी विचारलं, "काकू, तंबाखू?"

"छे हो! आमच्यात पुरुषसुद्धा खात नाहीत."

"मग बोट काळं कशाने?"

"मिश्री ती. बाजारची नाही, मी स्वतः भाजते तव्यावर."

"काय भाजता?"

"तंबाखू," मी म्हणाले, आणि म्हणताना माझं मलाच ऐकू आलं.

शेजारच्या भाऊंना तंबाखूवरून किती व्याख्यानं झोडली होती मी! आणि इकडे पस्तीस वर्षं तव्यावर तीच परतत होते. लाज वाटली, त्याहून जास्त राग आला. "आजपासून बंद," डॉक्टरांनी सांगायच्या आधीच मी सांगून टाकलं. बाकावर बसलेल्या वन्संनी डबी पदराआड घेतली.

तोंड किती उघडतं ते मोजायला डॉक्टरांनी माझ्या दातांमध्ये आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक रचल्या. बारा मावल्या. रेडिएशनने जबडा आखडू नये म्हणून रोज व्यायाम करायचा, काड्या वाढवायच्या. मग तीन दात काढले, कापूस दाबून दिला आणि बजावलं, "अर्धा तास बोलायचं नाही."

परतीच्या रिक्षातून माजिवड्याला उतरलो. एरवी बस येईपर्यंत वन्संची डबी दोनदा निघायची. त्या दिवशी ती पदराआडच राहिली. गालावर बोट टेकवून, रस्त्याकडे बघत त्या म्हणाल्या, "वहिनी, मलाबी आत इथं खरखरीत लागतंय गं. दिवाळीपासनं. तुझ्या दुखण्यात कुठं सांगत बसू?"

माझ्या तोंडात कापूस. कल्याणची बस समोर येऊन उभी राहिली. वन्सं पिशवी उचलून चढायला निघाल्या, मी त्यांचं मनगट धरलं. बस गेली. मी हात करून रिक्षा थांबवली.

"किधर, मौसी?"

अर्धा तास व्हायचा होता. मी कापूस काढून मुठीत धरला.

"नौपाडा," मी म्हणाले. "परत."