आईच्या पोटातलं साखरपाणी

मला वहिनीचा हेवा वाटायचा. तिच्या साड्यांचा नाही, दागिन्यांचा नाही, तिला माझ्या आईच्या पोटातलं पाणी बदलायला मिळायचं याचा. हे मी तेव्हा कुणाला बोलून दाखवलं असतं तर मला वेड्यात काढलं असतं, म्हणून मनातल्या मनात जळत राहिले.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. आईच्या दोन्ही किडन्यांनी काम सोडलं होतं. ती सातपूरला दादाकडे राहायची. दादा अंबडच्या एका कारखान्यात होता, त्याच्या शिफ्टचा कधी मेळ नसायचा. मी शहरात राहून ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होते. दवाखान्यात मशीनवर रक्त साफ करायला नेलं की आईचं बीपी एकदम खाली यायचं. मग डॉक्टरांनी घरीच करायचा दुसरा उपाय सांगितला. तिच्या पोटात एक मऊ नळी कायमची बसवली. त्या नळीतून साखर मिसळलेलं औषधी पाणी पोटात सोडायचं, काही तास राहू द्यायचं, मग ते काढून टाकून नवीन भरायचं. रोज, दिवसातून चार वेळा.

यातलं मला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. पोटाच्या पोकळीला आतून एक पातळ अस्तर असतं, जिवंत पेशींचं. अस्तरात रक्ताच्या बारीक वाहिन्यांचं जाळं असतं. रक्तात साचलेला युरिया जास्त आहे तिकडून कमी आहे तिकडे आपणहून सरकतो आणि त्या पाण्यात उतरतो. साखरेमुळे पाणी दाट असतं, म्हणून शरीरात तुंबलेलं जास्तीचं पाणीही ते ओढून घेतं. रक्तातल्या पेशी मोठ्या असतात, त्यांना अस्तर अडवतं. विसरण आणि परासरण हा धडा मी दरवर्षी अकरावीच्या पोरांना शिकवायचे. एका वाटीत साधं पाणी, दुसरीत साखरेचा पाक, दोन्हींत भिजवलेले बेदाणे. पाण्यातले टरारून फुगायचे आणि पाकातले तसेच सुरकुतलेले राहायचे. पोरं प्रयोग संपायच्या आत बेदाणे खाऊन टाकायची.

पाणी कसं बदलायचं ते शिकवायला दवाखान्यातून एक सिस्टर घरी आली. तिने सांगितलं की नळीला जितके हात कमी लागतील तितका जंतूंचा धोका कमी, म्हणून घरातल्या एकाच माणसाने हे काम करायचं. मी पदर खोचून पुढेच उभी होते. आईने पलंगावरून माझ्याकडे पाहिलं, मग वहिनीकडे पाहिलं आणि म्हणाली, "हिला शिकवा."

"आई, मी येत जाईन ना," मी म्हटलं.

"चार चार वेळा? कॉलेज सोडून? काहीतरीच तुझं."

बोलणं बरोबर होतं. वहिनी घरीच असायची, दिंडोरीकडची, धीराची बाई. तरी मला राग यायचा तो आलाच. माझ्या आईच्या शरीरात काय चाललंय हे या घरात फक्त मला कळत होतं, आणि मला बाजूला बसवून ते काम सुनेच्या हाती गेलं होतं. त्या दिवशी मी चहासुद्धा न पिता निघाले. स्कूटीला किक मारताना पाय दुखला, त्याचं खापरही मी वहिनीवरच फोडलं.

मग ते बंद दार सुरू झालं. पाणी बदलायची वेळ झाली की वहिनी खोलीतला पंखा बंद करायची, खिडकी लावायची, कोपरापर्यंत हात धुवायची आणि तोंडाला मास्क बांधायची. मग सगळ्यांना बाहेर काढून दार लावून घ्यायची. सगळ्यांना म्हणजे बहुतेक वेळा मला एकटीलाच, कारण दादा कामावर असायचा. पाऊण तास मी बाहेरच्या खोलीत सोफ्यावर बसून असायचे. आतून वहिनीचं काहीतरी पुटपुटणं यायचं, कधी आईचा आवाज. शब्द कळायचे नाहीत, कारण मी मुद्दाम टीव्ही लावून बसायचे. चोरून ऐकायचं नाही एवढा ताठा माझ्यात होता. दार उघडलं की वहिनी पोटातून निघालेल्या पाण्याची पिशवी हातात धरून यायची. फिकट पिवळं, स्वच्छ पाणी. ती पिशवी वर्तमानपत्रावर धरायची. पिशवीतून अक्षरं वाचता आली तर सगळं ठीक, पाणी गढूळ दिसलं तर पोटात जंतू गेले. वहिनी मोठ्याने एक ओळ वाचायची आणि हसायची. मला त्या हसण्याचीसुद्धा चीड यायची.

आईशी बोलायला विषय हवा म्हणून मी तिला सगळं शास्त्र समजावून सांगायचे. "काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावलं की पाणी सुटतं ना, तसंच. तिथे मीठ ओढतं, इथे साखर."

"म्हणजे मी काकडी," आई म्हणाली आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. तेवढ्यात वहिनीने हाक मारली, "आई, वेळ झाली." झालं, मी बाहेर.

अंड्याचं तर मी आजही विसरलेले नाही. त्या पाण्याबरोबर अंगातली थोडी प्रथिनंही वाहून जातात, कारण अस्तराला प्रत्येक गोष्ट काटेकोर अडवता येत नाही. डॉक्टर म्हणाले, अंड्यातलं पांढरं खायला द्या. आईच्या माहेरी फुलांचा मळा, माळकरी घर, जन्मात अंड्याला हात लावलेला नाही. मी तिच्या विनवण्या केल्या, रागावले, शेवटी रडलेसुद्धा. "मी मेले तरी चालेल," असं म्हणून तिने तोंड फिरवलं. पुढच्या आठवड्यात घरात शिरले तर स्वयंपाकघरातून अंड्याचा वास आला. आई पलंगावर बसून थाळीतलं पांढरं पांढरं काहीतरी नाक मुरडत खात होती आणि वहिनी शेजारी उभी होती.

"कसं काय खाल्लंस गं?" मी विचारलं.

"ही ऐकत नाय," आई म्हणाली. "पार डोकं खाल्लं माझं."

मी म्हटलं, बरं झालं. म्हटलं खरं, पण डोळ्यांत पाणी आलं आणि ते कांद्याचंही नव्हतं. मी सांगितलं ते आईच्या एका कानातून शिरून दुसऱ्यातून गेलं, आणि परक्या घरातून आलेल्या बाईचं मात्र थेट आत पोहोचलं. शास्त्राप्रमाणे आईच्या सगळ्यांत जवळची पेशी मीच होते ना.

अखेर माझी पाळी आली. वहिनीच्या भावाचं लग्न निघालं, तिला माहेरी जाणं भागच होतं. सिस्टरने येऊन मला शिकवलं, माझ्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं. मी कॉलेजातून रजा काढली, बॅग घेऊन सातपूरला राहायला गेले. वहिनीने बसस्टँडवर जाताना सतरा सूचना दिल्या. मी मान डोलावत राहिले आणि मनात म्हणत होते, जा आता एकदाची.

पहिल्यांदा दार मी आतून लावलं तेव्हाचा आनंद अजून आठवतो. बाहेर कोण होतं? कुणीच नव्हतं, दादा कामावर होता. तरी मला वाटलं, बसा आता सगळे बाहेर. आईचं पोट उघडं केलं. गोरं, सैल, माझ्या आणि दादाच्या बाळंतपणाच्या रेघा असलेलं. जोडणी केली, खालच्या पिशवीत जुनं पाणी उतरू लागलं. आई माझ्याकडे बघून गप्पा मारत होती. पोरं अभ्यास करतात का, जावयांना डबा कोण देतंय, मळ्यातल्या झेंडूला औंदा काय भाव मिळाला असेल. पाणी पूर्ण उतरलं तेव्हाही ती हसतमुख होती. वरच्या पिशवीतलं नवं पाणी आत गेलं. मी विचारलं, "दुखत नाही ना?"

"छे गं. तुझा हात हलका आहे."

वहिनी परत येईपर्यंत मी तेवढ्या एका वाक्यावर तरंगत होते. प्रत्येक वेळी तेच. गप्पा, हसणं, हलका हात. मी दादाला जेवताना ऐकवलं, आईला माझ्या हातून काहीच त्रास होत नाही. तो पोळी मोडत "बरंय" म्हणाला.

वहिनी आली, मी घरी गेले. दोन दिवसांनी कॉलेज सुटल्यावर सातपूरला गेले तेव्हा बाहेरचं दार उघडंच होतं आणि आतल्या खोलीचं बंद. टीव्ही लावायला हात पुढे केला आणि थांबले. आतून आई कण्हत होती. "आई गं... ओढतंय गं... बास कर, बंद कर ते..." आणि वहिनीचा शांत आवाज, "झालंच आई, थोडं राहिलंय. धरा, माझा हात धरा. शिव्या द्या मला." आणि आईने खरंच शिवी दिली. माझ्या आईच्या तोंडून मी जन्मात शिवी ऐकली नव्हती.

खोटं कशाला सांगू, माझ्या मनात आधी आलं ते हेच की बघा, हिला जमत नाही, माझ्या हातून कसं सुखरूप व्हायचं. वहिनी पिशवी घेऊन बाहेर आली तशी मी तिला स्वयंपाकघरात गाठलं.

"वहिनी, आईला एवढं दुखतं कसं? मी करत होते तेव्हा तर हूं की चूं नव्हतं."

तिने मास्क खाली ओढला. "शेवटचं पाणी निघताना लय ओढ बसते, ताई. रोजच कण्हतात. सिस्टर म्हणाली, काही जणांना होतं तसं." मग ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुमच्यासमोर नव्हत्या कण्हत?"

मी आईच्या खोलीत गेले. ती घामेजली होती. मला पाहिलं आणि तिचा चेहरा लगेच नीट झाला, केसांवरून हात फिरला, पदर सारखा झाला. "कधी आलीस? चहा घेतलास?"

"तुला दुखत होतं तर मला का नाही सांगितलंस?"

"तू आलीस की मला बरं असावं लागतं, बाई," ती म्हणाली. "हिच्यापुढे कशाला?"

मी तिच्याजवळ बसले. तिने मला कॉलेजातलं विचारलं, मी सांगितलं. त्यानंतर जवळपास दोन वर्षं आई होती. मी आठवड्यातून तीनदा जायचे आणि ती तीनही वेळा माझ्यासाठी बरी असायची. पाणी बदलायची वेळ झाली की वहिनी दार लावून घ्यायची. मी टीव्ही लावत नसे. सोफ्यावर बसून कान देऊन ऐकायचे, आणि आतून आईचं पहिलं कण्हणं आलं की मला वहिनीचा इतका हेवा वाटायचा की मी दोन्ही हातांनी सोफ्याची कड धरून ठेवायचे.