लाल रंगाचा कचरा

लकडगंजातल्या एका दवाखान्याचा वीस वर्षांचा डेटा नव्या प्रोग्रॅममध्ये न्यायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा पहिलीच फाइल उघडून मी कपाळावर हात मारला. एक्सएमएल म्हणजे माहितीला खुणेच्या चिठ्ठ्या, टॅग, लावून ठेवायची पद्धत; तीत प्रत्येक गोष्टीला तिच्या नावाचा टॅग असावा, एवढी माझी साधी अपेक्षा. इथे वय, ताप, औषध, सगळ्यांना मिळून एकच टॅग: 'ओळ'. वर जागोजागी रंगांचे टॅग. हे ज्यानं बनवलं त्याला मनातल्या मनात शिव्या घालत मी जुन्या फाइली नव्या साच्यात बसवणारी स्टाईलशीट लिहिली. औषधांच्या ओळी वेचायच्या, 'चालू औषधे' या टॅगमध्ये घालायच्या आणि रंगांचा कचरा काढून टाकायचा. यादी इतकी देखणी निघाली की सदर भागातल्या आमच्या ऑफिसात मी सगळ्यांना बोलावून दाखवली.

नवा प्रोग्रॅम सुरू झाला त्या दिवशी दुपारी सहज आईची नोंद उघडली. ती त्याच दवाखान्यात जाते. चालू औषधांत पहिलंच नाव पेनिसिलिन. मी हादरलोच. याच औषधाच्या सुईनं एकदा तिचा गळा सुजून श्वास अडकला होता.

घाईघाईनं जुनी फाइल काढली. तिच्यात पेनिसिलिन लाल होतं, बाकी औषधं काळी. सोसत नसलेलं औषध लाल अक्षरांत लिहायची तिथली पद्धत होती, आणि ते लाल मी प्रत्येक पेशंटच्या नोंदीतून पुसून टाकलं होतं.

दवाखान्यात फोन लावला. तिथल्या जुन्या सिस्टरनं उचलला.

"सिस्टर, नव्या यादीवरून कोणाले सुई देऊ नका!"

"काहून गा? सकाळपासून देऊन राहिली ना मी."

मी अडखळत सगळं सांगितलं.

"तोंडानं विचारल्याशिवाय मी सुई लावत नाही, भाऊ. पण आता एका म्हाताऱ्याले नाही विचारलं. तापात बरळून राहिला तो."

"काय दिलं?"

"पेनिसिलिनच."

तिनं म्हाताऱ्याचं नाव सांगितलं. ते टाइप करताना माझी बोटं तीनदा चुकली. शेवटी जुन्या फाइलीतली त्याची नोंद उघडली. पेनिसिलिनची ओळ काळी होती. मी ते कसंबसं फोनवर सांगितलं.

"मंग रडून काहून राहिला गा?" सिस्टर म्हणाली.